बदली कुणाची : बाईची की शिशाची?

उसाचं गाळप सुरू झालं की आपल्या जिल्ह्यात पारावर, एसटीत, सोसायटीच्या ऑफिसात एकच आकडा ऐकू येतो, तो म्हणजे उतारा. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर 10.25 टक्के मूळ उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे हा आकडा थेट शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचतो. रसात साखर किती, बगॅसमधून किती वाया गेली, मोलॅसिसमध्ये किती राहिली, याचा पाळीपाळीनं हिशेब ठेवणारी जागा म्हणजे कारखान्याची प्रयोगशाळा. उताऱ्याबद्दल सगळे बोलतात. पण तो हिशेब काढताना प्रयोगशाळेतल्या माणसाच्या अंगात काय जातं, याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्ह्याचं रूप पालटलं. सहकाराच्या या इतिहासात बाई दिसते ती मुख्यतः फडात, डोक्यावर मोळी घेतलेली. आता तिची मुलगी किंवा नात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. होते आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून उभी राहते. ही साधी गोष्ट नाही. पण तिथं तिच्या हातात काय दिलं जातं, हे आपण पाहायला हवं.

उसाचा रस गढूळ आणि काळपट असतो. त्यातली साखर पोलॅरीमीटर नावाच्या यंत्रानं मोजतात. यंत्रातला प्रकाश रसातून आरपार जावा लागतो, म्हणून रस आधी नितळ करावा लागतो. त्यासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेली पांढरी भुकटी म्हणजे लेड सबॲसिटेट. प्रयोगशाळेच्या बोलीत 'ड्राय लेड'. भुकटी रसात टाकायची, हलवायचं, गाळायचं, आणि नितळ द्रव नळीत भरून आकडा वाचायचा. पहिल्या दांडीचा रस, मिश्र रस, सिरप, मोलॅसिस असे नमुने तिन्ही पाळ्यांत येत राहतात. म्हणजे हंगामभर डबा उघडतो आणि बंद होतो.

ही भुकटी शिशाची आहे. तिच्या कुळातल्या लेड ॲसिटेटला पूर्वी 'शुगर ऑफ लेड', म्हणजे शिशाची साखर म्हणत, कारण ते चवीला गोड लागतं. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही, कातडी भाजत नाही. ॲसिडची बाटली हाताळताना माणूस आपोआप जपतो. इथं जपावं असं शरीर सांगतच नाही. बारीक भुकटी श्वासातून जाते, हाताला लागून चहाच्या कपापर्यंत जाते, कपड्यावर बसून घरी जाते.

शरीरात गेलेलं शिसं हाडांत साठतं. शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतं. रक्तदाब, मूत्रपिंड, मज्जासंस्था या सगळ्यांना ते बाधतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर ते जास्त शोषलं जातं, आणि आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. बाई गरोदर राहिली किंवा अंगावर पाजू लागली की हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर साठलेलं शिसंही रक्तात येतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. बाळाच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, असं म्हणण्यासारखी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी जिल्ह्यातच काम करू लागले. एका गावातल्या बैठकीत एका केमिस्ट मुलीनं तिची हकिगत सांगितली. कारखान्याचं नाव इथं देत नाही. दिवस गेल्यावर तिनं वरिष्ठांकडे चांगला मास्क आणि भुकटीच्या टेबलाजवळ पंखा मागितला. दोन दिवसांत तिला ऑफिसात नोंदी करायला बसवलं. सगळे म्हणाले, साहेबांनी माणुसकी दाखवली. पुढच्या हंगामाला मात्र तिला बोलावणं आलं नाही. तिच्या जागी एक मुलगा लागला. टेबल तेच, डबा तोच, पंखा अजून नाहीच.

यात माणुसकी किती आणि सोय किती, याचा विचार आपण केला पाहिजे. एक तर गर्भ राहिल्यावर बदली करणं म्हणजे बऱ्याच उशिरा जागं होणं. आधीच्या हंगामांत जे शिसं हाडांत गेलं, ते बदलीच्या कागदानं बाहेर येत नाही. दुसरं म्हणजे शिसं पुरुषालाही सोडत नाही. त्याच्या शुक्रजंतूंवर परिणाम होतो, रक्तदाब आणि मूत्रपिंडावर होतो. आणि नमुन्यांच्या बाटल्या धुणारी कंत्राटी बाई, प्रयोगशाळा झाडणारी मावशी, घरी नवऱ्याचा ॲप्रन पोरांच्या कपड्यांबरोबर धुणारी बायको, यांची बदली कुठं करणार?

हा वाद जगाला नवा नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथं अमेरिकन सायनामिड कंपनीनं शिशाच्या रंगद्रव्याच्या विभागात मूल होऊ शकणाऱ्या बायका नकोत असं ठरवलं. नोकरी टिकवण्यासाठी 1978 मध्ये तिथल्या 5 कामगार बायकांनी स्वतःची नसबंदी करून घेतली. पुढे जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी कंपनीनं 1982 मध्ये असाच नियम केला : मूल होणार नाही याचा वैद्यकीय पुरावा द्या, नाहीतर शिशाच्या कामावर येऊ नका. कामगार संघटना कोर्टात गेली. मार्च 1991 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा नियम बेकायदा ठरवला. होणाऱ्या मुलांची काळजी घेणं हा आईबापांचा निर्णय आहे, ते कारण पुढे करून मालकाला बाईची नोकरी काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

हे लांबच्या देशातलं म्हणून सोडून देऊ नका. 2019 मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर गदारोळ झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. फडात पाळीचा खाडा नको म्हणून गर्भाशय जातं. प्रयोगशाळेत गर्भाशय आहे म्हणून नोकरी जाते. साखर एकच, आणि दोन्हीकडे कामाची रीत बदलण्याऐवजी बाईचं शरीर अडचणीचं ठरवलं जातं.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या कारखाना कायद्यात ज्या रोगांची खबर देणं बंधनकारक होतं, त्या यादीत शिशाची विषबाधा पहिलीच होती. मात्र धोक्याच्या कामावर बायकांना बंदी घालण्याची मुभाही त्याच कायद्याच्या कलम 87 मध्ये सरकारला होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, 2020 हिनं घेतली. तिच्या कलम 43 नुसार सर्व प्रकारच्या आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांवर बायकांचा हक्क आहे. एखादं काम बायकांच्या आरोग्याला धोक्याचं वाटलं, तर कलम 44 प्रमाणे त्यांना कामावर घेण्याआधी पुरेशी सुरक्षा व्यवस्था करायला सरकार मालकाला सांगू शकतं. म्हणजे निदान कागदावर तरी दिशा बदलली आहे : बाईला हटवा असं नाही, जागा सुधारा. पण 'सांगू शकतं' या दोन शब्दांत बरीच पळवाट आहे. ती बुजवायची तर आपण मागण्या नीट माहीत करून घेऊन मांडल्या पाहिजेत.

पहिली मागणी शिसंच काढा. जवळच्या अवरक्त प्रकाशावर चालणारे पोलॅरीमीटर काळपट रसही वाचू शकतात, त्यांना शिशाची गरज नसते. ॲल्युमिनियमच्या क्षारांवर आधारलेल्या, शिसं नसलेल्या भुकट्याही साखर उद्योगात वापरल्या जातात. यंत्र महाग आहे, हे खरं. पण गाळपक्षमता वाढवण्यासाठी जिथं कोट्यवधींची कर्जं उभी राहतात, तिथं हा खर्च वार्षिक सभेत निदान मांडला तरी जावा.

शिसं निघेपर्यंत भुकटीचं काम हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात किंवा निदान बाहेर हवा टाकणाऱ्या पंख्याजवळ व्हावं. मापाचा चमचा असावा, डबा काम झाल्याबरोबर बंद व्हावा. टेबल आणि फरशी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. नायट्राइलचे हातमोजे आणि बारीक धूळ अडवणारा मास्क मिळावा. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. ॲप्रन कारखान्यातच धुतला जावा. प्रयोगशाळेत चहा-डबा नको, आणि पाळी सुटताना साबणानं हात धुवायला पाणी असावं.

गाळलेला चोथा, कागद आणि तपासून झालेला रस मोरीत ओतू नये. ती मोरी शेवटी कुणाच्या तरी ओढ्याला, विहिरीला मिळते. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो झाकणाच्या वेगळ्या पिंपात साठवून अधिकृत केंद्राकडेच गेला पाहिजे. असं केंद्र पुणे रस्त्यावर रांजणगावला आहे.

आणि रक्तातलं शिसं तपासलं जावं : केमिस्टचं, परिचराचं, बाटल्या धुणारीचंही, कंत्राटी असो वा कायम. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी. अहवाल ज्याचा त्याच्या हातात मिळावा. गरोदर किंवा पाजणाऱ्या बाईनं मागितलं तर तिला दुसरं काम जरूर द्यावं, पण पूर्ण पगारावर आणि पुढच्या हंगामाला आपल्या जागेवर परत येण्याच्या लेखी हमीसह. बदली ती मागेल तेव्हा तिचा हक्क आहे. तिच्यावर लादली तर ती शिक्षा होते.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे. सभेला उतारा, कर्ज आणि सवलतीच्या साखरेवर बोलणं होतं. यंदा लेखी प्रश्न द्या : आपल्या प्रयोगशाळेत शिशाची भुकटी वापरतात का, वर्षाला किती किलो, तिचा कचरा कुठं जातो, आणि किती जणांचं रक्त तपासलं? चार ओळींचा अर्ज आहे, त्याची पोच मात्र घ्या. आणि उत्तर म्हणून कुणी 'मग पोरींना घेतच नाही' असं म्हणालं, तर सांगा की पोरी राहतील, डबा न्या.