गच्चीकडे छत म्हणून पाहा

झाशीच्या घरांत गच्ची म्हणजे आणखी एक खोलीच. उन्हाळ्यात तिथे पापड-कुरडया वाळतात, रात्री अंथरुणे पडतात. थंडीत सगळे घर उन्हाला वर जाऊन बसते. नेवाळकरांच्या काळापासून इथे येऊन राहिलेल्या मराठी घरांनी कोकणातले उतरते कौलारू छप्पर मागे ठेवले आणि इथली सपाट गच्ची आपलीशी केली. खुद्द राणी महालही दुमजली आणि सपाट छताचाच आहे.

फरक एवढाच की, उतरते छप्पर पाणी फेकून देते. सपाट छतावर ते साचू शकते. वर्षभर आपण गच्चीचा अंगणासारखा वापर करतो, पण ती छतही आहे हे पहिली गळती लागल्यावरच आठवते. झाशीत पावसाळा साधारण जूनच्या उत्तरार्धात येतो. त्याआधी एक सकाळ या कामासाठी काढा.

सुरुवात खालून करा

आधी प्रत्येक खोलीचे छत नीट पाहा. पिवळट डाग, फुगलेला रंग, पोपडे, भिंतीला लागलेला लोणा, गंजाच्या रेघा यांचे मोबाइलवर फोटो घ्या. डाग दोन भिंतींपासून किती अंतरावर आहे ते मोजून लिहून ठेवा. पाणी एका जागी शिरते आणि सांध्यातून सरकत दुसरीकडे ठिबकते. त्यामुळे वर गेल्यावर नेमकी त्याच ठिकाणची नव्हे, तर आजूबाजूची, विशेषतः चढाकडची जागा तपासावी लागते.

वर जाताना

मे-जूनमध्ये इथे पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून काम सकाळी लवकर उरका. ढग गडगडत असतील किंवा गच्ची ओली असेल तर जाऊच नका. एकट्याने जाऊ नका, आणि मुलांना खालीच ठेवा. पायात रबरी तळव्याचे, घट्ट बसणारे बूट हवेत, चपला नकोत. शिडी लावायची असेल तर ती टेकते त्या कडेच्या वर तीन फूट तरी उरावी, आणि खाली कोणीतरी धरून उभे राहावे. विजेच्या तारा जवळून जात असतील तर लोखंडी शिडी किंवा गज वर नेऊ नका.

पत्रे, कौले आणि उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यांवरची झाकणे यांवर पाय देऊ नका. कठड्याला टेकू नका. नियमाने तो किमान एक मीटर उंच हवा, पण जुन्या घरांत अनेकदा तो गुडघ्याएवढाच असतो. आणि फोटो काढताना जागेवर उभे राहा. मोबाइलमध्ये पाहत मागे सरकणे हा गच्चीवरचा सगळ्यात मोठा धोका आहे.

वर काय पाहायचे?

* पाण्याची वाट : पाइपच्या तोंडाशी पाने, माती, पिशव्या अडकल्या आहेत का? दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे वळते ते पाहा. साधारणपणे दर मीटरला एक सेंटीमीटर उतार हवा.
* कठड्याचा पाया : गच्ची आणि कठडा जिथे भेटतात, तिथली भेग गळतीचे नेहमीचे कारण असते.
* भेगा : दिवसा तापून फुगणारा आणि रात्री आकसणारा स्लॅब केसासारख्या भेगा देतो. दगडी पटियांच्या छतात मात्र दोन पटियांमधले सांधे पाहा.
* पोकळ जागा : लाकडी दांड्याने हलके ठोका. बद्द आवाज आला तर वरचा थर सुटला आहे.
* रोपे : पिंपळाचे इवले रोपही मुळासकट काढा. नुसते तोडले तर पुन्हा फुटते.
* टाकी : १,००० लिटरची भरलेली टाकी एक टनाहून जड असते. ती खालच्या भिंतीच्या वर आहे की खोलीच्या मधोमध?

जुन्या छतावर पाणी कोंडू नका

गळती शोधण्यासाठी गच्चीत पाणी भरून ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. १,००० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २,३६० किलो वजन. जुन्या दगडी किंवा चुन्याच्या छतावर हा प्रयोग करू नका. जुना थर न काढता त्यावर दरवर्षी नवा थर चढवणेही तसेच. वजन वाढते आणि भेग आत झाकली जाते.

इथे थांबा

छत खाली झुकलेले दिसले, गंजलेली सळई उघडी पडली, पटियाला आडवी भेग गेली किंवा कठडा कललेला असला, तर पुढची तपासणी आपली नव्हे. त्या भागावर चढणे बंद करा, खालच्या खोलीतले अंथरूण त्याच दिवशी हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

बाकी फोटो तारखेसह जपून ठेवा. पुढच्या मे महिन्यात त्याच जागांचे पुन्हा फोटो काढा. भेग तेवढीच आहे की वाढली, हे दोन फोटो शेजारी ठेवले की घरातल्या कुणालाही कळेल.