चारीचे दार आणि धरणाची चावी

राहुरीत काय किंवा राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी काय, सेवा केंद्राच्या दाराशी एक वाक्य हमखास कानी पडते : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावर मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून, शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करायची, ती ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तलाठ्याच्या दप्तरातले बरेचसे काम असे सर्व्हरकडे गेले. तलाठी जागेवर नसला तर निदान त्याच्या घरी जाता येत असे. सर्व्हरचे घर कोणी पाहिलेले नाही. त्या घरात चालते तरी काय?

त्यासाठी फार लांब जायला नको. राहुरी तालुक्यातच बारागाव नांदूरला मुळा धरण आहे. साठवण २६ टीएमसी. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो, आवर्तन सुटते, पाणी कालव्यातून चारीत आणि चारीतून शेतात येते. शेतकऱ्याच्या हाती दारे धरायचे खोरे असते, धरणाच्या दरवाजाची चावी नसते. ती असती तर त्याचे काम लवकर झाले असते, पण शेजाऱ्याचे शेत कोरडे राहिले असते किंवा वाहून गेले असते.

सर्व्हरचेही तसेच. तळाशी फाइली उघडणे, स्मृतीत जागा देणे, जाळ्यावरून माहिती धाडणे, नवे काम सुरू करणे ही मुळातली कामे. वरच्या थरात असतात त्या ‘स्क्रिप्ट’, म्हणजे गट क्रमांक घेऊन उतारा दाखवणारे छोटे, चटकन लिहिता येणारे कार्यक्रम. या दोहोंमध्ये लागतो सात नंबरच्या अर्जासारखा ठरीव मार्ग. स्क्रिप्टने काय मागायचे आणि तळाने काय द्यायचे, हे तो ठरवतो.

असा पहिला सर्वमान्य मार्ग १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक केंद्रात तयार झाला. त्याचे नाव सीजीआय. मात्र दर मागणीला एक नवा कार्यक्रम उभा करावा लागे आणि गर्दी झाली की सर्व्हर दमे. १९९५ मध्ये ‘अपाची’ हा मुक्त सर्व्हर आला. पुढे पर्ल, पीएचपी, लुआ या स्क्रिप्टच्या भाषा सर्व्हरच्या पोटातच बसवण्यात आल्या. २००२ च्या अपाची २.० बरोबर एपीआर हा तळच्या कामांचा वेगळा संच आला. यंत्रणा विंडोज असो की युनिक्स, मागण्याची रीत एकच. पर्लसारख्या भाषेतून हा संच थेट वापरता येऊ लागला. दहा ओळींत जे होई त्याला आधी शेकडो ओळी लागत.

सोय मोठी, पण चावी धरणाच्या जवळ सरकली. अपाचीत प्रत्येक मागणीपुरती स्मृतीची वेगळी साठवण काढतात आणि उत्तर गेले की ती एकदम मोकळी करतात. हे एक आवर्तनच. एखादी स्क्रिप्ट मोकळ्या झालेल्या जागेचा पत्ता धरून बसली, तर सर्व्हर कोसळतो. किंवा त्या जागी नंतर आलेली दुसऱ्या कुणाची माहिती तिच्या हाती लागते. ही निव्वळ भीती नव्हे. २०१७ मध्ये अपाचीत असाच एक दोष सापडला. अनेकांची संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर असताना, एखाद्या खातेदाराने आपल्या नियमफाइलीत एक अनोळखी शब्द लिहिला, तर मोकळ्या केलेल्या स्मृतीतले तुकडे उत्तराबरोबर बाहेर जाऊ शकत. ती तर स्क्रिप्टही नव्हती, साधी नियमांची यादी होती.

त्याआधी २०१४ मध्ये ‘शेलशॉक’ने जगभरच्या यंत्रचालकांची झोप उडवली. सीजीआयच्या मार्गाने येणारा पाहुण्याचा मजकूर ‘बॅश’ या आज्ञावाचकाकडे गेला की, त्यात दडवलेला हुकूम तो पाळत असे. हा दोष सुमारे २५ वर्षे कुणाच्या लक्षात आला नव्हता. अर्जाच्या कागदावर ‘दरवाजा उघडा’ असे कुणीतरी लिहावे आणि चौकीदाराने अर्ज दाखल करून घेण्याऐवजी दरवाजाच उघडावा, तसला हा प्रकार.

म्हणून प्रश्न कुठल्या कंपनीचा सर्व्हर घेतला हा नाही. वरच्या थराला किती अधिकार दिला, हा आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ शेतकऱ्याला कित्येक वर्षे सांगत आले आहे की, पिकाला लागेल तेवढेच पाणी द्या. संगणकातला नियमही हाच. उतारा दाखवणाऱ्या स्क्रिप्टला उतारा वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. तो बदलण्याचा, पुसण्याचा नको. घाईगर्दीत, मुदत गाठायची म्हणून, सगळे अधिकार देऊन टाकले जातात आणि तिथेच घात होतो.

संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. माहितीच्या रक्षणात कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. दंड मात्र पाणी वाहून गेल्यावरचा. त्याआधीची कामे साधी आहेत : दोषांची दुरुस्ती वेळेवर बसवणे, कोणाला कोणती चावी दिली याची नोंद ठेवणे, बाहेरच्या जाणत्याकडून तपासणी करून घेणे, आणि यंत्र बंद पडले तर कागदावर काम चालू ठेवणे.

कालव्याला भगदाड पडले तर पहिल्यांदा शेतकरीच विचारतो, दरवाजा कोणी उघडला, पाणी कुठे गेले? सातबारा त्याच्या जमिनीचा आहे, नोंद त्याच्या पिकाची आहे. ‘सर्व्हर डाऊन’ ऐकून मुकाट्याने घरी परतण्याऐवजी त्याने तोच प्रश्न इथेही विचारायला हवा, आणि ‘तांत्रिक अडचण’ हे उत्तर पुरेसे मानू नये.