आमच्या वेळी मशेरी होती

नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ मध्ये आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत २०२४ मध्ये मेफेड्रोनचे, म्हणजे 'एमडी'चे, कारखाने सापडले आणि नेहमीचा सूर लागला: ही पिढी हातची गेली, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. एमडी नव्हतं, हे खरं. पण मग १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीच्या बळावर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते कोणासाठी? गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, तावडीत सापडलेल्या तरुण पोरांसाठीच. त्या वर्षी सोळा-सतराचे असलेले लोक आज पंचावन्नच्या घरात आहेत आणि त्यांच्या आठवणीतला काळ निर्व्यसनी आहे. कारण गर्द 'वाया गेलेल्यांचं' होतं, आणि घरातली तंबाखूची चंची किंवा आजीची मशेरी कोणी व्यसनात धरलीच नाही. दोन पिढ्यांतला मोठा फरक मला इथे दिसतो. नशा किती केली यापेक्षा नशा कशाला म्हणायचं, यावर त्यांचं जमत नाही.

आकडे काढले तर तक्रारीची दिशाच बदलते. तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या देशव्यापी पाहणीत २००९ साली १४.६ टक्के मुलं तंबाखूचा कुठला ना कुठला प्रकार वापरत होती; २०१९ मध्ये हे प्रमाण ८.५ टक्क्यांवर आलं. मोठ्यांच्या २०१६-१७ च्या पाहणीत देशात २८.६ आणि महाराष्ट्रात २६.६ टक्के लोक तंबाखू घेणारे निघाले. मुलं एकाएकी शहाणी झाली असं मी म्हणत नाही. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, पाकिटांवरची भयानक चित्रं आणि वाढत्या किमती यांचाही त्यात हात असणार. (२०१२ ची गुटखाबंदी पानटपरीवर किती पाळली जाते, ते सर्वांना ठाऊक आहे.) कायद्याची रेघही काळाप्रमाणे सरकते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा-चरस गुन्ह्यात टाकले आणि भांगेची पानं वगळली. मेफेड्रोन त्या कायद्याच्या यादीत आलं थेट २०१५ मध्ये.

यावर आक्षेप येईल की वर्गात बसलेल्या मुलांची पाहणी शाळा सुटलेल्यांचं काय सांगणार? आक्षेप रास्त आहे, पण तो मोठ्यांवरच उलटतो. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारू, गांजा, अफू या सगळ्यांत मोठ्यांचं प्रमाण जास्त होतं. अपवाद एकच, हुंगायच्या पदार्थांचा. दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर फडक्यावर घेऊन हुंगणारी पोरं रेल्वे स्टेशनवर उघड्यावर बसलेली असतात. या नशेत कोट्यवधींचा साठा पकडला जात नाही, त्यामुळे तिची बातमी होत नाही आणि पालकसभेत तिच्यावर व्याख्यानही होत नाही. ज्या एका बाबतीत मुलं खरोखर मोठ्यांच्या पुढे आहेत, तीच आपल्या काळजीतून गळली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजचा माल जास्त घातक आहे, घेणारे कमी असले तरी काय? अमेरिकेने हे भोगलं आहे. तिथे बारावीच्या मुलांत वर्षभरात एखादा तरी बेकायदा अमली पदार्थ घेतलेल्यांचं प्रमाण १९७९ मध्ये निम्म्याहून जास्त होतं. पुढे ते तिथवर कधी गेलं नाही. तरीही २०१९ ते २०२० या एका वर्षात किशोरवयीनांचे अतिसेवनाने होणारे मृत्यू जवळपास दुप्पट झाले, मुख्यतः बनावट गोळ्यांत मिसळलेल्या फेंटानिलमुळे. म्हणजे धोका घेणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही, पदार्थावर ठरतो. पण मग मुलांशी बोलतानाही पदार्थागणिक वेगळं बोलायला हवं. गांजा आणि एमडी एकाच दमात 'विष' म्हणून सांगितले, की गांजा ओढणारा मित्र परीक्षा पास झालेला पाहून मूल एमडीबद्दलचा इशाराही सोडून देतं. यात गांजाला सूट नाही. सोळाव्या वर्षी मेंदूची वाढ चालू असते आणि त्या वयात लागलेली सवय सोडवणं कठीण जातं, हे त्या मुलाला सरळ सांगता येतं. फक्त सांगणाऱ्याच्या गालात त्या वेळी तंबाखूची गोळी नसावी. पोरं तेवढं बघतात.