आजारी लेंकरूं आणि धर्मादाय खाट

मुरबाडकडचें तापानें फणफणलेलें लेंकरूं कल्याणास न्यावें, तेथून कळव्यास धाडावें, कळव्याहून मुंबईची वाट दाखवावी. ही वणवण आमच्या वाचकांस नवी नाहीं. आई खाटेशीं बसते, बाप जिन्याखालीं निजतो. त्याची बुडालेली मजुरी कोणत्याही बिलांत लिहिलेली नसते! कळव्याच्या पालिकेच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ मध्यें एका दिवसांत १८ रोगी दगावले, तें लोक विसरलेले नाहींत. म्हणून धास्तावलेला बाप खाजगी इस्पितळाची पायरी चढतो व अनामतीसाठीं बायकोचें डोरलें गहाण टाकतो.

बाबांनो, डोरलें काढण्यापूर्वीं एक विचारा: हें इस्पितळ धर्मादाय ट्रस्टाचें आहे काय? असेल, तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ कक कलमान्वयें व मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेप्रमाणें तेथील शेंकडा १० खाटा निर्धनांस फुकट, आणि आणखी शेंकडा १० दुर्बळांस सवलतीनें दिल्या पाहिजेत. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला जवळ ठेवा. गरिबाच्या पोराचा जीव धोक्यांत असतां अनामत मागण्याची तर मुळींच मुभा नाहीं. सरकार ट्रस्टांस करांत सूट देतें, कित्येकांस जमीनहि दिली. ती काय संगमरवरी फरशीसाठीं? खाट रिकामी नाहीं असें कोणी सांगितलें, तर तें कागदावर लिहून मागा, आणि तो कागद घेऊन ठाण्याच्या धर्मादाय कचेरींत जा.