वाळवंटाकाठची समुद्रबाग

नकाशा उघडा आणि आफ्रिका व अरबस्तान यांच्यामधला लांबट, चिंचोळा समुद्र शोधा. मराठीत त्याला तांबडा समुद्र म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला बहीरा-ए-अहमर म्हणून ओळखता. जिद्दा शहर त्याच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. पश्चिमेला इजिप्त, म्हणजे तुमच्या ओळखीचा मिस्र देश आहे. त्या किनाऱ्यावर माणसाने काय कमावले आणि काय गमावले, याचा आज आपण विचार करू.

तांबड्या समुद्राच्या दोन्ही बाजूंना वाळवंट आहे. बारमाही वाहणारी एकही नदी त्याला मिळत नाही. त्यामुळे पाण्यात गाळ येत नाही आणि ते काचेसारखे स्वच्छ राहते. सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो. अशा उबदार, निर्मळ पाण्यात प्रवाळ वाढते. प्रवाळ म्हणजे उर्दूतील मर्जान. ते दगडासारखे दिसते, पण ती असंख्य चिमुकल्या जीवांची वसाहत असते. हे जीव चुन्याची घरे बांधतात आणि त्यांतून पाण्याखाली मोठमोठ्या भिंती तयार होतात. त्यांच्या आश्रयाने रंगीबेरंगी मासे राहतात. जमिनीवर गवताची काडी नाही आणि पाण्यात मात्र बाग फुललेली! हीच बाग पाहायला दूरदूरचे पर्यटक येतात.

या किनाऱ्यावर हुरगाडा नावाचे गाव आहे. अरबीत त्याला अल-गरदका म्हणतात. पूर्वी तेथे कोळ्यांची लहानशी वस्ती होती. १९८० नंतर तेथे भराभर हॉटेले उभी राहिली आणि त्या वस्तीचे किनाऱ्यालगत पसरलेले मोठे शहर झाले. सिनाईच्या टोकाला शर्म अल-शेख येथेही असेच घडले.

तुम्ही विचाराल, यात वाईट काय? प्रश्न योग्य आहे. इजिप्तची लोकसंख्या १० कोटींहून अधिक आहे. बहुतेक लोक नाईल नदीच्या काठाने दाटीवाटीने राहतात. त्यांना रोजगार हवा. देशाला परकीय चलन हवे. म्हणून पर्यटनच नको, असे म्हणणे मला पटत नाही. भुकेल्या माणसाला फक्त निसर्गाचे कौतुक सांगून चालत नाही.

पण घाईची किंमत मोठी असते. सुरुवातीच्या काळात काही हॉटेलांनी किनारा रुंद करण्यासाठी उथळ पाण्यातील प्रवाळावर भराव टाकला. पर्यटकांच्या होड्या प्रवाळावरच नांगर टाकू लागल्या. काही जातींचे प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर वाढते. अनेक वर्षांची वाढ एका नांगराने क्षणात मोडते. उत्तर तांबड्या समुद्रातील प्रवाळ इतर ठिकाणच्यापेक्षा अधिक उष्णता सोसते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. जे उन्हाला पुरून उरते, ते माणसाच्या घाईने मोडावे, ही किती खेदाची गोष्ट!

पाण्याचेही तसेच. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. हॉटेलांचे तलाव आणि हिरवळी यांसाठी समुद्राचे पाणी गोडे करावे लागते किंवा नाईलचे पाणी नळाने दूरवर आणावे लागते. खारे पाणी गोडे करायला पुष्कळ ऊर्जा लागते. शिवाय उरलेले अतिखारट पाणी पुन्हा समुद्रातच जाते.

चूक सुधारण्याचे प्रयत्नही झाले. १९८३ मध्ये रास मुहम्मद हा भाग संरक्षित म्हणून जाहीर झाला. १९९२ मध्ये हुरगाडा येथे स्थापन झालेल्या हेप्का या संस्थेने समुद्रात कायमचे तरंगते बोये बसवले. होडी बोयाला बांधली की नांगर टाकावा लागत नाही. उपाय किती साधा! १९९४ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत परवानगीशिवाय बांधकाम करण्यास मनाई केली. परंतु तोपर्यंत कितीतरी इमारती उभ्या राहिल्या होत्या.

आणखी एक धोका आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये शर्म अल-शेखहून निघालेले रशियन विमान बॉम्बस्फोटाने कोसळले आणि त्यातील सर्व २२४ माणसे मरण पावली. त्यानंतर रशिया आणि ब्रिटनची तेथे जाणारी विमाने बंद झाली. हॉटेले ओस पडली आणि कित्येकांचा रोजगार गेला. सारे गाव एकाच धंद्यावर जगत असेल, तर तो धंदा बसताच गावही बसते. म्हणून कोळ्यांची मासेमारी आणि बदाऊनी लोकांची गुरे-उंट यांनाही किनाऱ्यावर जागा राहिली पाहिजे.

आता सौदी अरबस्ताननेही आपल्या किनाऱ्यावर असाच एक मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. तो २०१७ मध्ये जाहीर झाला आणि तेथील पहिले हॉटेल २०२३ मध्ये उघडले. वर्षाला १० लाखांहून अधिक पर्यटक येऊ द्यायचे नाहीत, अशी मर्यादा तेथे आधीच ठरवली आहे. ही गोष्ट चांगली आहे. मात्र मर्यादा कागदावर लिहिणे सोपे असते. नफा दिसू लागल्यावर ती पाळणे अवघड असते. खरी कसोटी तेथेच आहे.

माझे मत असे आहे : आधी मर्यादा ठरावी, मग पाया खणावा. किती माणसे येतील, त्यांना पाणी कोठून मिळेल, सांडपाणी कोठे जाईल आणि स्थानिक लोकांना काय मिळेल, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय एकही वीट रचू नये. पर्यटक हॉटेलातील पलंगासाठी एवढ्या दूर येत नाही. पलंग त्याच्या घरीही असतो. तो समुद्रातील बाग पाहायला येतो. झाडाची फळे जरूर खावीत, पण फळांच्या घाईत झाडावर कुऱ्हाड चालवू नये.

तुम्हांला काय वाटते? वर्गात यावर चर्चा करा. माझे मत पटले नाही, तर तुमची कारणे मराठीत मांडा.