प्रोग्रामरने बिऱ्हाड कुठे हलवावे? औरंगाबाद १७६३ आणि कोल्हापूर १९३३ यांचे उत्तर (थ्रेड)

१/ पुण्या-मुंबईची घरभाडी आणि वाहतूक यांना कंटाळलेले अनेक तरुण प्रोग्रामर नाशिक, नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगर यांचा विचार करतात. भाडे, इंटरनेट आणि एखाद्या मोठ्या कंपनीचे संकुल पाहून निर्णय होतो. इतिहास आणखी एक प्रश्न सुचवतो: पहिला धनी निघून गेला, तर त्याच गावात दुसरे काम मिळेल काय?

२/ मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि भूमिगत नहरींतून शहराला पाणी दिले. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार झालेल्या औरंगजेबाने तिचे औरंगाबाद असे नामकरण केले. दरबार आणि लष्कर आल्यावर हिमरूसारखी उंची वस्त्रे विणणाऱ्यांना हक्काचे गिऱ्हाईक लाभले.

३/ १७६३ मध्ये निजाम अलीने राजधानी हैदराबादला नेली. नहरी तिथेच राहिल्या, घरे तिथेच राहिली, विणकरांच्या हातातले कसबही उणावले नाही. पण गिऱ्हाईक गेले आणि शहराला उतरती कळा लागली. आज तिथे हिमरूचे माग मोजकेच उरले आहेत.

४/ सोयींच्या यादीत हे शहर कुठेही कमी पडले नसते. त्याचे दुखणे वेगळे होते: बहुतेकांची चूल एकाच दरबारावर पेटत होती.

५/ आता कोल्हापूर. बाबूराव पेंटर यांनी येथेच स्वदेशी कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. तिचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. चित्रपटनिर्मिती हे त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते. ते शिकवणारे महाविद्यालय नव्हते. माणसे कारखान्यात, काम करता करता तयार झाली.

६/ तिथेच घडलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर १९२९ मध्ये बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने त्यांनी त्याच शहरात ‘प्रभात’ स्थापन केली. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली. शहरातली सर्वांत नावाजलेली संस्था अशी उठून जाणे, हा १७६३ सारखाच प्रसंग होता.

७/ परिणाम मात्र निराळा झाला. त्याच सुमारास राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभे राहिले. पुढे ते भालजी पेंढारकरांकडे आले आणि ‘जयप्रभा’ या नावाने गाजले. मागे राहिलेल्या सुताराला, रंगाऱ्याला, छायाचित्रकाराला ठोठावण्यासाठी गावातच दुसरे दार होते.

८/ प्रोग्रामरने शहराची परीक्षा याच कसोटीवर घ्यावी. पाच हजार जणांचे एकच संकुल असलेल्या शहरापेक्षा पन्नास-शंभर जणांच्या वीस कंपन्या असलेले शहर अधिक भरवशाचे. जुन्या कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी तिथेच नव्या कंपन्या काढल्या असतील, तर ते सर्वांत शुभ लक्षण.

९/ ‘काम घरूनच करायचे, मग शहर कोणतेही चालेल,’ हा आक्षेप वजनदार वाटतो. परंतु दूरचा मालक हाही एक दरबारच; त्याचे फर्मान ईमेलने येते इतकेच. ते आले की हप्ते, मुलांची शाळा आणि आईवडिलांचे औषधपाणी स्थानिकच राहते. त्या दिवशी ओळखीपाळखी आणि शेजारची कंपनीच उपयोगी पडते.

१०/ कोल्हापूरही कायमचे चित्रनगर राहिले नाही. या व्यवसायाचा मुख्य प्रवाह अखेर मुंबईकडे वळला. कोणतेही शहर जन्माची हमी देत नाही. दुसरे दार माणसाला सावरायला काही वर्षे देते, आणि कसबावर जगणाऱ्याला बहुधा तेवढीच हवी असतात.

११/ म्हणून घराचा बयाणा देण्यापूर्वी त्या शहरात दोन-तीन महिने भाड्याने राहावे. आजची नोकरी उद्या गेली असे समजून तिथल्या किती कंपन्यांकडे अर्ज करता येईल, ते मोजावे. आकडा एकच निघाला, तर स्वस्त भाड्याचा आनंद अवश्य घ्यावा. वीस वर्षांचे गृहकर्ज मात्र त्या शहरात काढू नये.