थेंब घालण्याआधी तपासणी मागा

पेण तालुक्यातल्या जिते, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षाचे काही महिने गणपतीच्या कारखान्यांत जातात आणि दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी-झोडणी येते. दोन्ही कामांत डोळ्यात काहीतरी जातेच. कारखान्यात घासकामाची पांढरी धूळ, शेतात भाताचे पाते, कूस, पेंढ्याचा कण. आपण पदराच्या टोकाने तो काढतो, डोळा चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक वेळा काही होत नाही. पण बुबुळावर ओरखडा उठला आणि त्यात जंतू किंवा बुरशी शिरली, तर काही दिवसांत डोळा लाल होतो, ठसठसतो, उजेड सोसवत नाही आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. हा बुबुळावरचा व्रण. तो भरला तरी पांढरा डाग मागे राहतो. आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडले.

रोजावर जाणाऱ्याला दवाखान्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून पहिली धाव मेडिकलकडे असते. ‘डोळा लाल झालाय, काहीतरी द्या’ म्हटले की एक बाटली हातात पडते. अशा पुष्कळ बाटल्यांत स्टिरॉइड असते. त्याने लाली उतरते, बरे वाटते. पण आत बुरशी असेल तर तिला मोकळे रान मिळते, कारण स्टिरॉइड शरीराची लढण्याची ताकदच दाबते. आठवड्याने डोळ्यांचे डॉक्टर भेटतात तेव्हा व्रण खोल गेलेला असतो.

जंतूंचे औषध बुरशीला लागू पडत नाही आणि बुरशीचे जंतूंना. नुसते पाहून दोन्ही ओळखणे निष्णात डॉक्टरांनाही अवघड जाते. म्हणून व्रण हलकेच खरवडून, तो कण काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. माझे म्हणणे एवढेच आहे की ही तपासणी आणि त्यानंतरचे योग्य औषध हा आपला हक्क आहे. तो आपण मागितला पाहिजे. आणि मागण्याचे कारण भक्कम आहे: या आजाराची उत्तरे आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांच्या डोळ्यांवर शोधली गेली आहेत.

तामिळनाडूतल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात 1994 च्या पहिल्या तीन महिन्यांत व्रणाचे 434 रुग्ण तपासले. जवळपास दोन तृतीयांश लोकांना आधी डोळ्याला इजा झाली होती. जंतू आणि बुरशी यांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. म्हणजे न तपासता औषध देणे म्हणजे नाणे उडवण्यासारखे. ती भातशेतीच आपल्या खाडीकाठीही आहे.

पुढे अरविंद आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मिळून मोठ्या चाचण्या केल्या. एका चाचणीत बुरशीच्या व्रणाचे 323 रुग्ण होते. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. एकाला नॅटामायसिन हे जुने थेंब, दुसऱ्याला व्होरिकोनॅझोल हे नवे औषध. कोणाला काय दिले ते रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही, म्हणजे कोणाच्या मताचा परिणाम निकालावर होऊ नये. 2013 साली निकाल छापून आला. जुने औषध सरस ठरले. बुबुळाला भोक पडण्याचे किंवा तातडीने बुबुळ बदलावे लागण्याचे प्रमाण नॅटामायसिनच्या गटात जवळपास निम्मे होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली नॅटामायसिनला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

दुसरी चाचणी स्टिरॉइडची. तिचा निकाल 2012 साली आला. 500 रुग्ण, त्यांतले बहुतेक सारे भारतातले. व्रण जंतूंचाच आहे हे तपासून, आधी 48 तास जंतूंचे औषध देऊन, मग निम्म्यांना स्टिरॉइड दिले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या नजरेत एकूण फरक दिसला नाही. फार खालावलेल्या काही डोळ्यांना थोडा लाभ दिसला, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एवढी काळजी घेऊनही ज्या औषधाने सरसकट फायदा झाला नाही, ते काहीच न तपासता काउंटरवरून का विकले जावे?

संशोधन म्हटले की आपल्या लोकांच्या मनात शंका येते आणि ती पोकळ नाही. 2009 साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प चालला. वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी इतरांच्या सह्या असल्याचे पुढे आले आणि 2013 साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आज 2019 चे नियम आहेत. कळेल अशा भाषेत माहिती, लेखी संमती, वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार, कधीही बाहेर पडण्याची मुभा आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई. कोणी चाचणीत बोलावले तर हे सारे विचारा, पण विचारल्याशिवाय पळूही नका. चाचणी झाली नसती, तर नवे औषध चांगले समजून आजही तेच दिले गेले असते.

मात्र ज्यांच्या डोळ्यांनी उत्तर दिले त्यांच्या वस्तीपर्यंत ते उत्तर यायला हवे. यात अशक्य काय आहे? क्षयाचा बेडका पाहण्यासाठी सरकारी दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक असतो. बुरशी पाहायला तोच चालतो. वर काचेची पट्टी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. खरवडण्याचे काम मात्र नेत्रतज्ज्ञाचेच. म्हणून पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात ही तपासणी व नॅटामायसिन भातकापणीच्या हंगामात तरी हमखास मिळावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने असा रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठवावा, असा ठराव आपल्या ग्रामसभेत मांडता येईल. विहारात रविवारी जमणाऱ्या महिला मंडळाने मनावर घेतले तर तो मंजूरही होईल.

तोवर घरात एवढे पाळा. डोळ्यात काही गेले तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. कण रुतला असेल तर घरी काढू नका. मध, अंगावरचे दूध, झाडपाल्याचा रस घालू नका. पट्टी बांधू नका. दुखणे, पाणी येणे किंवा अंधुक दिसणे राहिले, किंवा पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरातल्या जुन्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे, आपल्या मनाने घालू नका. हा लेख वाचून नॅटामायसिनही परस्पर आणू नका. बुरशीचा व्रण भरायला आठवडे लागतात आणि सुरुवातीला दर तासाला थेंब घालावे लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. त्या दिवसांत घरच्यांनी त्या माणसाच्या वाट्याचे काम उचलावे, हाही उपचाराचाच भाग आहे.

आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर न घाबरता एक प्रश्न विचारा: ‘डॉक्टर, व्रण खरवडून तपासला का? जंतू आहेत की बुरशी?’ हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, पैसेही लागत नाहीत.